जीएनएम सिस्टर, बारा वर्षं झाली, आता नाइट आणि पेशंट उचलणं बंद करायचंय. कोल्हापुरात राहून काय करता येईल?

वॉर्ड_नंबर_तीन:

नमस्कार. मी कोल्हापूरचीच, वय ३६, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय आणि बारा वर्षं प्रायव्हेटलाच काम करतेय, त्यातली नऊ एकाच हॉस्पिटलला. आधी आयसीयू, आता पोस्ट-ऑप वॉर्डची इनचार्ज, पण स्टाफ कमी असला की बेड मलाच घ्यावे लागतात आणि नाइट पण लागतातच. कंबर गेलीय, एमआरआयमध्ये एल-फोर एल-फाइव्हला डिस्क आलीय, डॉक्टर म्हणाले वाकून वजन उचलायचं नाही, पण गुडघा बदललेला ऐंशी किलोचा पेशंट कुशीवर घ्यायचा तर वाकल्याशिवाय कसं व्हायचं, आणि वॉर्डबॉय मामा वेळेवर मिळतीलच असं नाही.

नर्सिंगचा कंटाळा आलेला नाही हे आधीच सांगते, कारण घरी सगळे "मग सोडून दे की" म्हणतात. पेशंटशी बोलणं, ड्रेसिंग करणं, नातेवाईकांना शांतपणे समजावून सांगणं मला अजून मनापासून आवडतं. फक्त शरीर साथ देत नाही आणि मुलगी सातवीत गेलीय, तिला आता रात्री आई घरात लागते. मिस्टर गोकुळ शिरगावला नोकरीला आहेत त्यामुळं पुण्या-मुंबईला जाणं जमणार नाही, जर्मनीचं तर कुणी सांगूच नका.

शाहूपुरीत एका क्लासवाल्याकडं जाऊन आले, मेडिकल कोडिंगची फी ६५ हजार सांगितली आणि म्हणाला नोकरीची गॅरंटी, घरातनं काम. खरंच असतं का असं? दुसरं म्हणजे या वयात पोस्ट बेसिक बीएस्सी (जीएनएमनंतरची नर्सिंगची डिग्री) करून उपयोग होईल का? आणि दिवसाची ड्युटी असलेलं, पगार आत्तापेक्षा फार खाली न जाणारं (हातात २२ येतात) काही आहे का? ज्यांनी स्वतः बदल केलाय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

कागल_फाइव्हस्टार:

ताई मी पण जीएनएम, आठ वर्षं ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि कॅज्युअल्टी केली आणि आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीच्या ओएचसीत आहे, म्हणजे कंपनीतला दवाखाना. ५०० च्या वर कामगार असतील तर कायद्यानंच अॅम्ब्युलन्स रूम ठेवावी लागते आणि तिथं नर्सिंग स्टाफ लागतो, त्यामुळं ही पोस्ट कंपनी मेहेरबानी म्हणून काढत नाही, त्यांना ती भरावीच लागते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, शिवाय साखर कारखाने, आपल्या जिल्ह्यात याला जागा आहे आणि बऱ्याच सिस्टर्सना ही नोकरी असते हेच माहीत नसतं.

काम काय असतं ते सांगते. पेशंट उचलायचा प्रसंग क्वचित, स्ट्रेचरला माणसं असतात. रोजचं म्हणजे बीपी, शुगर, चक्कर, बोट कापलं, आणि फाउंड्री-मशीन शॉप असेल तर डोळे. ग्राइंडिंगवाला पोरगा डोळा चोळत चोळतच येतो, आधी त्याचा हात धरायचा, चोळू द्यायचं नाही, मग सलाइननं धुवायचं, आणि कण बुबुळावर रुतलेला दिसला तर हात लावायचा नाही, दाब न देता झाकून सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडं पाठवायचं. सुपरवायझर म्हणतो "सिस्टर तुम्हीच काढा की कापसानं, शिफ्ट मोडते", तिथं आपण ठाम राहायचं. भाजलेल्याचं तसंच, वीस मिनिटं वाहतं पाणी, आणि येताना टूथपेस्ट फासून आला असेल तर त्याच्या लाइनवरच्या सगळ्यांना बोलावून समजावायचं. हे समजावणं तुम्हाला आवडतं म्हणालात ना, ते इथं लई उपयोगी पडतं.

कागदाचं काम मात्र भरपूर आहे. अपघाताचं रजिस्टर, ईएसआयचा (कामगार विम्याचा) फॉर्म १२, नवीन माणसाची भरतीआधीची तपासणी, वर्षाची तपासणी, त्यात आवाजाच्या ठिकाणी असणाऱ्यांची ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी), धुळीत असणाऱ्यांची फुप्फुसाची टेस्ट. वाळूच्या धुळीनं सिलिकोसिस होतो, तो एकदा झाला की बरा होत नाही, म्हणून दरवर्षीचा आकडा मागच्या वर्षीशी ताडून बघणं हे मला माझ्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गेल्या वर्षीपेक्षा फुंकर कमी आली की मी डॉक्टरांच्या मागे लागून त्या माणसाची जागा बदलून घेते. एक्सेल यायला पाहिजे, ते शिकून घ्या, अवघड नाही.

विचारून घ्यायच्या गोष्टी: कंपनीच्या रोलवर की काँट्रॅक्टरच्या (बहुतेक ठिकाणी काँट्रॅक्टरच असतो, पगारात आणि सुट्टीत फरक पडतो), जनरल शिफ्ट की तीन शिफ्ट, बस आहे का, आणि डॉक्टर रोज येतात की आठवड्यातनं दोनदा. डॉक्टर नसताना निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो, तुमचा आयसीयूचा अनुभव आहे त्यामुळं जमेल. मला सुरुवातीला हॉस्पिटलपेक्षा थोडंसं कमी मिळालं, पण रविवार सुट्टी, सणाला सुट्टी, रात्री घरी.

ब्रदर_आणि_क्लेम:

मी ब्रदर आहे, आता हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कला, म्हणजे इन्शुरन्सचे क्लेम बघतात त्या काउंटरला. वॉर्डमधनं थेट इथं आलो, वेगळा कोर्स काही केला नाही.

ताई, तुम्ही पोस्ट-ऑपच्या इनचार्ज म्हणजे केसपेपर तुम्हाला तोंडपाठ. क्लेमचं निम्मं काम तेच असतं. इन्शुरन्सवाल्यांची क्वेरी येते, "दाखल करण्याची गरज काय होती", आता ज्यानं कधी वॉर्ड बघितलेला नाही असा मुलगा डिस्चार्ज समरी कॉपी-पेस्ट करतो आणि क्लेम नाकारला जातो. सिस्टर असेल तर तिला माहीत असतं की दाखल झाला तेव्हाचं सॅच्युरेशन नर्सिंग चार्टवर आहे, ऑक्सिजन किती वाजता लावला ते आहे, तेच पान काढून जोडायचं. मागच्या आठवड्यात न्यूमोनियाच्या एका आजोबांचं असंच झालं, चार्टचं एक पान जोडलं आणि मंजूर झालं, त्यांचा मुलगा काउंटरवर रडायलाच लागला होता, कारण बिल भरायला सोनं गहाण ठेवायच्या तयारीत होते ते लोक. हे काम कारकुनाचं आहे असं कुणी म्हटलं की मला पटत नाही ते यामुळंच.

२०२४ च्या मे महिन्यात आयआरडीएआयनं (इन्शुरन्सवर देखरेख करणारी सरकारी संस्था) नियम केला की कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची फायनल मंजुरी तीन तासांत द्यायची. नियम इन्शुरन्स कंपनीला आहे, पण कागद पहिल्याच फटक्यात पूर्ण गेले नाहीत तर पुन्हा क्वेरी येते आणि पेशंट बिचारा कपडे घालून बेडवर बसून राहतो. म्हणून हॉस्पिटलला आता डेस्कवर मेडिकल समजणारा माणूस पाहिजे असतो. शिवाय महात्मा फुले जनआरोग्य योजना, ती आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, त्याचं प्री-ऑथ (उपचाराआधीची मंजुरी), फोटो, रिपोर्ट अपलोड हे सगळं वेगळं पोर्टल. दोन्ही येणारा माणूस मिळत नाही हो कोल्हापुरात, मी शोधतोय गेले कित्येक महिने.

तोटा पण सांगतो. शिव्या खायला लागतात. मंजुरी अडकली की नातेवाईक आपल्यावरच येतात. आणि दिवसभर बसून काम, तुमच्या डिस्कला सलग बसणं पण चालत नसेल तर मध्ये उठत जा, डॉक्टरांना विचारून खुर्ची नीट घ्या.

एरंडवणे_टू_कोडिंग:

कोडिंगबद्दल थोडक्यात. मी पुण्यात कोडर आहे, आधी स्टाफ नर्स होते.

काम खरं आहे, चांगलं आहे आणि नर्सला लवकर जमतं कारण अॅनाटॉमी आणि औषधं माहीत असतात. अमेरिकेतल्या पेशंटचे रेकॉर्ड वाचून आयसीडी-टेन-सीएम आणि सीपीटीचे, म्हणजे आजारांचे आणि उपचारांचे, कोड टाकायचे. सीपीसी नावाची परीक्षा असते, १०० प्रश्न, ४ तास, पुस्तकं समोर ठेवून द्यायची, फी डॉलरमध्ये. पास झाल्यावर पण अनुभव नसेल तर नावापुढं "अॅप्रेंटिस" लागतं, ते अनुभवानं निघतं.

पण गॅरंटी आणि घरातनं काम हे दोन शब्द ऐकले की उठून या. नवीन माणसाला बहुतेक कंपन्या आधी ऑफिसला बसवतात आणि ऑफिसं चेन्नई, हैदराबाद, बंगळुरू, आपल्याकडं पुणे-मुंबई. कोल्हापुरात राहून पहिल्या दिवसापासनं घरी बसून कोडिंग मिळणं खूप अवघड आहे. आणि आणखी एक, बरेच क्लासवाले "मेडिकल कोडिंग" म्हणून शिकवतात आणि इंटरव्ह्यूला पाठवतात एआर कॉलिंगला. ते वेगळं, ते अमेरिकेतल्या इन्शुरन्स कंपनीला फोन करायचं काम, म्हणजे आपल्या रात्री. तुम्ही नाइट चुकवायला निघालाय आणि पुन्हा नाइटलाच बसाल. फी भरायच्या आधी क्लासवाल्याला विचारा की मागच्या बॅचमधल्या पाच जणींचे फोन नंबर द्या आणि त्या कुठल्या गावात कामाला आहेत ते सांगा.

वॉर्ड_नंबर_तीन:

बापरे, एआर कॉलिंगचं तर माहीतच नव्हतं. त्यानं मला "व्हॉइस प्रोसेस पण आहे" असं म्हटलं होतं, ते हेच असणार. ६५ हजार वाचले माझे, खरंच मनापासून आभार.

कागलच्या ताई, तुमचा डोळ्याचा किस्सा मिस्टरांना वाचून दाखवला, ते म्हणाले आमच्या कंपनीत पण सिस्टर आहेत, विचारतो.

भुदरगड_एएनएम:

मध्येच विचारते, माफ करा. माझं एएनएम (जीएनएमपेक्षा छोटा नर्सिंगचा कोर्स) आहे, जीएनएम नाही. गारगोटीजवळ राहते, एका छोट्या नर्सिंग होमला सहा वर्षं झाली, डिलिव्हरी असली की रात्र-दिवस काही नसतं. वर सांगितलेल्या सगळ्या ठिकाणी जीएनएमच मागतात का?

निवृत्त_मेट्रन:

बाळ, आधी तुझं सांगते. एएनएमला दार कमी आहेत हे खरं, पण बंद नाहीत. तुझं रजिस्ट्रेशन चालू असेल तर एएनएमवर जीएनएमला प्रवेश घेता येतो, बारावी सायन्स नसली तरी. तीन वर्षं जातात, पण तू तरुण असशील तर ती घाल. तेवढं शक्य नसेल तर जिल्हा परिषदेची आरोग्य सेविकेची जाहिरात आणि एनएचएमची (राष्ट्रीय आरोग्य अभियान) कंत्राटी भरती यावर लक्ष ठेव, उपकेंद्राचं काम म्हणजे लसीकरण, गरोदर बायकांची नोंद, घरभेटी, फिरणं भरपूर पण वॉर्डातल्यासारख्या रोजच्या नाइट नाहीत. सरळसेवेला खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ ही वयाची अट असते, ती डोक्यात ठेव, "पुढच्या वर्षी बघू" म्हणत बऱ्याच मुलींचं वय निघून गेलेलं मी बघितलंय. निवासी शाळांना पण सिक-रूमला सिस्टर लागते, पन्हाळ्याच्या बाजूला अशा शाळा आहेत, तिथं राहायची तयारी असेल तर विचार.

आता वॉर्ड नंबर तीन, तुझ्याकडं येते. तुला नेमकं काय सोडायचंय ते तूच नीट लिहिलंयस, नाइट आणि वजन. नर्सिंग सोडायचं नाहीये. मग पहिला दरवाजा तुझ्याच हॉस्पिटलमध्ये ठोठाव. एनएबीएच (हॉस्पिटलच्या दर्जाचं मानांकन) असेल किंवा घ्यायची तयारी चालली असेल तर इन्फेक्शन कंट्रोल नर्स आणि क्वालिटी ही दोन कामं त्यांना कुणाला तरी द्यावीच लागतात. इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर दिवसा फिरते, हात धुणं नीट होतंय का ते उभं राहून बघते आणि लिहिते, कॅथेटर किती दिवस आहे, कुणाला युरिन इन्फेक्शन लागलं, व्हेंटिलेटरवर न्यूमोनिया झाला का, याचा महिन्याचा आकडा काढते, सुई टोचली तर त्या स्टाफचं रक्त तपासण्यापासून औषधापर्यंत पाठपुरावा करते. पिवळ्या पिशवीत सलाइनची बाटली टाकलेली दिसली तर तिथंच मावशींना दाखवून लाल पिशवीत टाकायला लावते. हे आयसीयू केलेल्या सिस्टरइतकं चांगलं कुणाला जमत नाही. ऑफिसात बसून पाट्या लावणारी इन्फेक्शन कंट्रोल काही कामाची नसते, वॉर्डात मान असलेली बाईच पाहिजे, कारण सर्जनला पण "सर, हात" म्हणायची धमक लागते.

पोस्ट बेसिकचं विचारलंस. दोन वर्षं, पूर्णवेळ, नियमित कॉलेज. शिकवायचं असेल तर कर, नर्सिंग स्कूलला ट्यूटर व्हायला बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक लागतंच, आणि शिकवणं हे कंबरेला सोसणारं काम आहे. सीएचओच्या (समुदाय आरोग्य अधिकारी) जाहिरातीत पण आपल्याकडं बीएएमएसबरोबर बीएस्सी नर्सिंग मागतात, तिथं २५ हजार आणि वर कामानुसार १५ हजारांपर्यंत असतात. पण नुसतं "डिग्री असू दे" म्हणून दोन वर्षांचा पगार सोडू नकोस, मुलगी पुढं दहावीला येणार आहे. अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्स) सरकारी जाहिरात आली तर फॉर्म भर, पण ते पुन्हा वॉर्ड आणि पुन्हा नाइट, हे समजून भर.

आणि काहीही केलंस तरी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रिन्यूअल चुकवू नकोस. दर पाच वर्षांनी असतं आणि त्याला सीएनईचे (नोकरीत असताना घ्यायच्या नर्सिंग शिक्षणाचे) तास लागतात. डेस्कला गेलेल्या मुली ते सोडून देतात, "आता काय करायचंय" म्हणून, आणि चार वर्षांनी चांगली संधी आली की धावपळ करतात.

राजारामपुरी_होमव्हिजिट:

मी स्वतःचं काम करते, घरी जाऊन. राजारामपुरी, ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी, इकडं म्हातारी माणसं एकटी राहतात, मुलं पुण्याला नाहीतर अमेरिकेत. कॅथेटर बदलणं, राइल्स ट्यूब (नाकातनं पोटात जाणारी नळी), बेडसोअरचं ड्रेसिंग, स्टोमा बॅग (पोटावर लावायची पिशवी), इन्सुलिन शिकवणं, व्हिजिटप्रमाणे पैसे. दोन-तीन सर्जन आणि एक फिजिशियन यांनी पेशंट पाठवायला सुरुवात केली की गाडी चालते. चोवीस तास केअरटेकर पुरवायचा ब्यूरो मात्र मी केला नाही, बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर टिकत नाहीत, आणि रात्री दोनला फोन आपल्यालाच.

एक काळजी घ्या. डॉक्टरांचं लेखी प्रिस्क्रिप्शन असल्याशिवाय इंजेक्शन, सलाइन काही देऊ नका. शेजारची काकू म्हणते "अगं तू सिस्टर आहेस, अशक्तपणा आलाय, एक बाटली लाव की". प्रेमानं म्हणते, पण नाही म्हणायचं. रिअॅक्शन आली तर घरात ना ऑक्सिजन ना काही. मी प्रत्येक व्हिजिटला फाइलमध्ये तारीख, वेळ, काय केलं, जखमेचं माप लिहिते आणि घरच्यांची सही घेते.

कंबरेचं बघता फक्त ड्रेसिंग आणि शिकवणं एवढंच ठेवा. बेडसोअरला पेशंट वळवावा लागतो, तिथं घरातल्या माणसाला आधी तयार करा.

वॉर्ड_नंबर_तीन:

मॅडम, तुमचं वाचून आज आमच्या मेट्रनना भेटले. त्या म्हणाल्या क्वालिटीला एक जागा निघणार आहे पण मॅनेजमेंटला विचारावं लागेल, आणि तोपर्यंत नाइट बंद करता येणार नाही. मिस्टरांच्या कंपनीत सिस्टर मे महिन्यात सोडणार आहेत असं कळलं, तिथं बायोडेटा देऊन ठेवते. म्हणजे दोन दारं झाली.

एक अडचण आहे, आमच्या हॉस्पिटलनं जॉइन करताना माझं ओरिजिनल जीएनएमचं सर्टिफिकेट ठेवून घेतलंय, बाँड केव्हाच संपला पण मागितलं की "सोडताना देतो" म्हणतात. आणि सोडलं तर नऊ वर्षांचं काही मिळतं का, की नुसता शेवटचा पगार?

निवृत्त_मेट्रन:

सर्टिफिकेट आजच लेखी मागून ठेव, राजीनाम्याशी जोडू नकोस. "बँकेच्या कामासाठी" वगैरे कारण लिहू नकोस, "माझे मूळ प्रमाणपत्र मला परत मिळावे" एवढंच. दोन प्रती, एकीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख घे. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठव.

पैशाचं म्हणशील तर एका ठिकाणी सलग पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी मिळते, दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की हॉस्पिटलला पण लागू आहे. शेवटचा बेसिक आणि डीए, गुणिले १५, गुणिले वर्षं, भागिले २६. बेसिक १४ हजार धरला तर तुझ्या नऊ वर्षांचे ७२ हजार ६९२ होतात. आपण मागितल्याशिवाय बऱ्याच ठिकाणी देत नाहीत, सोडल्यावर ३० दिवसांच्या आत अर्ज दे.

पीएफ काढू नकोस. नवीन ठिकाणी यूएएन (पीएफचा नंबर) तोच देऊन ट्रान्स्फर कर. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी मोजतात, तुझी इथली नऊच असतील तर आणखी एकाच वर्षाचा प्रश्न आहे.

ब्रदर_आणि_क्लेम:

आणि ताई, सोडताना अनुभवाच्या पत्रात नुसतं "स्टाफ नर्स" घेऊ नका. किती बेडचा वॉर्ड, आयसीयू कधीपासून कधीपर्यंत, इनचार्ज कधीपासून, हे सगळं तारखेसकट लिहून घ्या. एचआरवाल्यांना मसुदा तुम्हीच टाइप करून द्या, ते नुसती सही करतात. आमच्याकडं बायोडेटा द्यायचा असेल तरी चालेल, मेसेज करा.